बाराच्या आधीचं जेवण

थायलंडचे एक भंते नागपूरहून आदिलाबादकडे जाताना पांढरकवड्याला भोजनासाठी थांबतील, असं पत्र देवराव मास्तरांना १९५९च्या डिसेंबरात आलं. पत्रात दोन सूचना होत्या. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत. आणि पुढ्यात ठेवलेलं अन्न ते आपण होऊन घेत नाहीत. कुणीतरी ते त्यांच्या हातात द्यावं लागतं.

देवरावांनी दीक्षा घेतल्याला तीन वर्षं झाली होती. भिक्खूला आपल्या हाताने जेवण देण्याचा योग मात्र अजून आला नव्हता. बायको रुखमाबाई म्हणाली, घरीच करू. तेही तयार होते. पण गल्लीच्या तोंडाशी खाणावळ चालवणारा मधुसूदन म्हणाला, एवढ्या लांबचा माणूस, तुझ्या एका खोलीत कुठं बसवतोस? माझ्याकडे आत पाट मांडू. तू हाताने दे, तुम्ही दोघंही त्यांच्याच रांगेत जेवा. गावाला दिसू दे.

तो आणि देवराव यवतमाळला एका बाकावर शिकले होते. मधुसूदन महिन्यातून दोनदा तरी मागच्या दाराने देवरावांकडे येई आणि चुलीपाशी बसून भाकर-ठेचा खाई. त्याच्या खाणावळीत देवराव कधी आत बसले नव्हते. त्यांचा चहा मागच्या ओसरीवर, वेगळ्या कपात. त्यामुळे या आमंत्रणाचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. देवरावांनी तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा मधुसूदन हसला. "मास्तर, आता स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ काय?"

रुखमाबाईला पटलं नव्हतं. "चोरून जेवाले येते तो माणूस," ती म्हणाली. "तुमाले चारचौघांत कसा बसवीन?"

तरी आदल्या दिवशी तिने चाळलेली कणीक, निवडून-पाखडून घेतलेली तुरीची डाळ, गूळ आणि तूप खाणावळीत पोचवलं. कोरडा शिधा घ्यायला तिथे कुणाची अडचण नव्हती.

साडेदहाची गाडी सव्वाअकराला आली. भंते ठेंगणे, पस्तिशीचे, मोडकं हिंदी बोलणारे. आदल्या दुपारनंतर त्यांच्या पोटात काही नव्हतं. देवराव आणि रुखमाबाई त्यांना घेऊन खाणावळीपाशी आले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. मधुसूदनने हात जोडून भंतेंना आत नेलं, पांढरं कापड घातलेल्या पाटावर बसवलं, परत आला आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

नेहमीचे दोन वकील आत जेवताहेत, तो हळू आवाजात म्हणाला. त्यांनी सकाळी हरकत घेतली. तुमची दोघांची पानं ओसरीवर मांडलीत, खिडकीतून सगळं दिसतं.

"मधू, मी देनार होतो," देवराव म्हणाले.

"मी देतो ना. अन्न तर तेच आहे."

आत भंतेंसमोर ताट वाढलेलं होतं. वाफ निघत होती आणि भंते हात मांडीवर ठेवून थांबले होते. खाणावळीतल्या माणसांना वाटलं, त्यांना वरण-पोळी चालत नसावी.

देवरावांनी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. घरी चूल पेटवून काही शिजवायला वेळ नव्हता. दारात भांडण काढलं तर भंते उठतील आणि उद्या सकाळपर्यंत उपाशी राहतील. ते क्षणभर चौकटीवरच्या हाताकडे बघत राहिले.

"ताट उचल," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दे."

मधुसूदनने तसं केलं. भंते जेवू लागले. पाहुण्याला तिखट सोसणार नाही म्हणून सगळं मिळमिळीत केलं होतं. भंतेंनी शेजाऱ्याच्या पानातल्या हिरव्या मिरचीकडे पाहिलं, तेव्हा मधुसूदनने दोन आणून दिल्या. त्यांनी त्या कचाकचा चावून खाल्ल्या आणि आतली माणसं हसली.

जेवण झाल्यावर भंतेंनी डोळे मिटून पाली भाषेत आशीर्वाद म्हटला. देवराव खिडकीशी उभे होते. त्यांना शब्द येत होते. देणाऱ्याला दीर्घायुष्य, सुख आणि बळ लाभो, असा त्यांचा अर्थ होता. मधुसूदन मान खाली घालून समोर बसला होता.

रुखमाबाई ओसरीवरच्या पानावर बसली नाही. देवरावही बसले नाहीत. तेवढ्यात दोघांपैकी एक वकील हात धुवायला मागे आले. मास्तरांना पाहून म्हणाले, "तुम्ही आपण होऊन मागे बसतो म्हणालात, असं मधुसूदनराव कालच सांगत होते. आमची तर काहीच हरकत नव्हती. या की आत."

देवरावांनी मधुसूदनला गाठलं ते मोरीपाशी.

"वकील तर काहीच म्हनले नाहीत."

मधुसूदन ताटं मोजल्यासारखं करत राहिला. मग म्हणाला, "आज त्यांनी काही म्हटलं नाही. उद्या म्हटलं असतं, तर माझी खाणावळ बसली असती. तू समजून घेशील, हे मला माहीत होतं."

तीनच्या गाडीला नवरा-बायको भंतेंना पोचवायला गेली. भंतेंनी झोळीतून छोटी वही काढली. वाटेत ज्यांनी भोजन दिलं त्यांची नावं ते लिहून ठेवत होते. आज का दाता, त्यांनी विचारलं आणि पेन्सिल टेकवून देवरावांकडे पाहिलं.

रुखमाबाईनेही पाहिलं.

देवरावांनी मधुसूदनचं नाव सांगितलं. आडनावासकट, एकेक अक्षर, भंतेंना नीट लिहिता येईल असं.