देवरीचा चैतराम

आश्विनातल्या त्या दुपारी धुरपताबाईनं दारावर आलेल्या तांदूळवालीला नेहमीसारखंच अर्धा तास खोळंबून ठेवलं. दाणा दाताखाली धरून फोडला, तरी तिचं समाधान झालं नाही. "वरचा कायले दाखवतं? तळातला काढ," ती म्हणाली. मग खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला टेकली.

तांदूळवाली गेल्यावर प्रेमिलानं आईला नवं पत्रक वाचून दाखवलं. टेकचंदशेठ गोंदियाच्या बाजारात खोकल्याचं औषध विकत आणि त्यांची पत्रकं प्रेमिला लिही. शेठनी सांगून ठेवलं होतं, स्तुती कोणी वाचत नाही. गिऱ्हाइकाची शंका लिही, म्हणजे ते थांबतं. आईइतकं शंकेखोर गिऱ्हाईक प्रेमिलाला ठाऊक नव्हतं. आईचे प्रश्न ती टिपून घेई आणि प्रत्येकाखाली उत्तर लिही. हे नुसतं साखरेचं पाणी तर नाही? एवढं गुणाचं आहे, तर लोक दवाखान्यात सुया का टोचून घेतात? त्याखाली तिनं लिहिलं होतं: त्यांना या औषधाची माहिती नाही म्हणून.

आईला स्वतःला क्षयासाठी दिवसाआड दवाखान्यात सुई घ्यावी लागे. पण लिहिताना प्रेमिलासमोर आई प्रश्न विचारणारी होती, रोगी नव्हती.

पत्रकाच्या शेवटी देवरीच्या चैतरामची हकीकत होती. दोन वर्षांचा खोकला, सहा बाटल्यांत गेला.

"हा चैतराम कोन होय? तुनं पायलं त्याले?"

हा प्रश्न पत्रकात नव्हता. प्रेमिला कागदाची घडी घालू लागली.

"पायलं."

"मंग खरं असन," म्हणत आईनं सूप पुढं ओढलं. आपण आईची शंका फेडली, याचा प्रेमिलाला दिवसभर आनंद वाटत राहिला.

त्यानंतरही सुईच्या दिवशी धुरपताबाई पदर सारखा करून घरातून निघे आणि वेळेवर परत येई. माघात ती रक्त ओकून गेली.

तेरावं झाल्यावर प्रेमिलानं तांदळाची कोठी उपसली. तळाशी सहा रिकाम्या बाटल्या होत्या आणि सातवी अर्धी. प्रत्येकीभोवती पत्रक गुंडाळलेलं. शेजारी दवाखान्याचं कार्ड होतं; आश्विनानंतर त्यावर एकाही सुईची नोंद नव्हती. आईला अक्षर येत नव्हतं, तरी तिनं एकही कागद चुरगळू दिला नव्हता.

भेटायला येणाऱ्यांना प्रेमिला सांगत राहिली, की दुखणंच तसं होतं.

महिन्यानं शेठनी बोलावलं म्हणून ती दुकानात गेली. नागरा गावाकडची एक म्हातारी बाटली उजेडात धरून उलटीपालटी करत होती. शेठनी तिला पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि ती प्रेमिलाकडं वळली.

"तू शिकलेली दिसतं, बाई. हा चैतराम हाये का खरंच?"

शेठ प्रेमिलाकडं पाहत होते. तिनं म्हातारीच्या हातातली बाटली काढून घेतली.

"चैतराम कोनी नाही, माय. तो मी बसून लिवला. माह्या मायनंही हेच विचारलं होतं, आन् मी पायलं मनलं."