उठायचं गाणं

काली शहरातल्या नोएलियाच्या खानावळीत दुपारी पाय ठेवायला जागा नसायची, आणि पंख्याखालचं टेबल मात्र साखर कारखान्यातले तीन निवृत्त म्हातारे अडवून बसायचे. जेवण लवकर संपायचं. गप्पा काही संपायच्या नाहीत. दारात गिऱ्हाईकं ताटकळत. पण 'उठा' म्हणायला तिची जीभ रेटेना. त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर ती.

मग तिला उपाय सापडला. संथ बोलेरोचं गाणं चालू असलं की चमचे रेंगाळतात; जलद साल्सा लावला की तेच चमचे भराभर चालतात, घास मोठे होतात, टेबलाखाली पाय ठेका धरतात. हे तिनं नीट निरखलं होतं. गर्दी झाली की ती गल्ल्याखालचं बटण दाबून साल्सा लावायची आणि थोड्याच वेळात म्हातारे उठायचे. कुणाला काही कळत नाही, या समाधानात तिचं वर्ष गेलं.

आज टेबलाशी दोघंच होते. तिघांतल्या आर्नुल्फोकाकांना माती देऊन ते थेट इथे आले होते. नोएलियानं मुद्दाम बोलेरो लावला आणि सांकोचोच्या रश्श्यात कोंबडीचे मोठे तुकडे वाढले.

"आज सावकाश हं, काका. आज तुम्हाला कुणी उठवणार नाही."

"एवढी कोंबडी?" एलिएसरकाका म्हणाले. "आर्नुल्फोच्या वाटणीचीही वाढलीस की काय?"

"जिवंतपणी त्यानं आपल्याला कधी ठेवली होती?" ओव्हिदियोकाका हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात दारात बँकेतली मंडळी येऊन उभी राहिली. नोएलियाचा हात सवयीनं गल्ल्याखाली गेला. ढोल कडाडले.

एलिएसरकाकांनी भरली वाटी बाजूला सारली आणि टोपी उचलली. "चल रे, आपलं उठायचं गाणं लागलं."

ती धावतच टेबलाशी आली. "बसा ना काका! ते... चुकून लागलं."

"अगं, ओशाळतेस कशाला?" एलिएसरकाका म्हणाले. "आर्नुल्फोनं तर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. म्हणायचा, पोरीला वळण आहे, म्हाताऱ्यांना तोंडानं हाकलत नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. ते बाहेर पडले तशी ती दोन कप काळी कॉफी घेऊन त्यांच्यामागे फुटपाथवर गेली.

"एवढी तरी घ्या, काका."

त्यांनी उभ्याउभ्याच कप घेतले. उघड्या दारातून साल्सा बाहेर येत होता. तो बंद करायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघंही वाफाळती कॉफी घटाघटा पीत होते. ओव्हिदियोकाकांची जीभ पोळली, त्यांनी फुंकर मारली, पण ते थांबले नाहीत.

एलिएसरकाकांनी रिकामा कप तिच्या हातात दिला.

"जा पोरी," ते म्हणाले, "आत माणसं खोळंबलीत."