केसरबाईच्या हातचा गळा

सौंसरात कोणालेही विचारा, ब्लाऊजचा गळा कापावा तो केसरबाईनंच. कोणाले टोचत नाही, कोणाले आवळत नाही. एक बोट ढिलं ठेवते मी, अन् त्याच्यातच माझं नाव झालं. त्या नावाचाच घमंड नडला, दुसरं काय!

माझी सून प्रणाली. पुरात, विहिरीत अडकलेल्या माणसाले काढणाऱ्या पथकात जायचं तिच्या मनानं घेतलं होतं. पोहण्यात तर ती पोट्ट्यांच्या पुढं. शेवटची एकच परीक्षा उरली होती, ड्रायसूट घालून हिवाळ्याच्या पाण्यात उतरायचं. हा सूट म्हणजे पायापासून गळ्यापर्यंत सलग अंगरखा. आतले कपडे कोरडेच राहतात, पण सगळी भिस्त गळ्याच्या रबरी पट्टीवर. तिले सील म्हणतात. सूट घरी आणून तिनं घालून पाहिला अन् आरशापुढं लालबुंद झाली.

"अवं माय, फाशी घेतली काय!" मी ओरडली.

ती हसली. "नवं आहे न आई. रात्रभर डब्यावर ताणून ठेवते. मग एक रेघ कापायची, घालून पाहायचं. घट्ट तर वाटलंच पाहिजे, फक्त डोकं गरगरलं नाही पाहिजे."

रबरावर गोल गोल रेघा होत्या. सकाळी तिनं एक कापली, घालून पाहिलं अन् म्हणाली, बस, जमलं. पण मानेवर वळ उठलाच होता. मले काही राहवलं नाही. ती दळण आणायले गेली अन् मी माझी कात्री काढली. आणखी दोन रेघा उतरवल्या, एकदम सफाईनं. एक बोट ढिलं. तिले सांगितलंही नाही. म्हटलं, घालेल तेव्हा समजेल अन् खूश होईल.

रविवारी तलावावर मीही गेली, पहिल्यांदाच. सूट चढवताना प्रणालीचा हात गळ्यापाशी थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दात काढून हात हलवला. ती उतरली.

थोड्याच वेळात तिले दोरानं ओढून काढा लागलं. सूटमध्ये पाणी भरलं होतं, पाय उचलत नव्हते, ओठ निळे पडले होते. पथकाले शिकवणारे भगवंतराव पुढं झाले. त्यांनी सीलमध्ये बोट घातलं, ते सहज आत गेलं.

"कोणी कापलं हे?"

"मीच, सर. जास्त कापल्या गेलं."

मी तिथंच उभी होती.

"होते चूक," ते म्हणाले. "नवं सील लावून देतो. पुढच्या रविवारी येजो."

कनातीमागं तिचं अंग पुसता पुसता मी विचारलं, "ढिलं आहे हे समजलं नाही काय तुले?"

"समजलं होतं."

"मग उतरली काहून?"

"तुम्ही इतक्या हौसेनं पाहून राहिल्या होत्या. सगळ्यांपुढं काय सांगू?"

शरमेनं मेली मी. ही पोरगी माझ्यासाठी गारठून गेली अन् मी मुकाट उभी! टॉवेल टाकला अन् तशीच बाहेर निघाली. मागून "आई, नका!" ऐकू आलं. मी कुठं थांबते!

"साहेब, कात्री माझी होती. हिनं एकच रेघ कापली होती. ढिलं आहे हे समजलंही हिले, पण मले वाईट वाटू नये म्हणून तशीच उतरली. अशी पोरगी सापडेल काय तुम्हाले?"

मले वाटलं, आता शाबासकी देतील. भगवंतराव माझ्याकडे पाहतच नव्हते. प्रणाली कनातीच्या दाराशी आली होती.

"खरं आहे?" त्यांनी तिले विचारलं.

तिनं मान डोलावली.

"चुकून कापलं असतं तर शिकवलं असतं," ते हळूच म्हणाले. "पण पाणी आत येईल हे माहीत असून जी भिडेखातर उतरते, ती उद्या आपल्या साथीदारालेही बुडवेल. मी नाही घेऊ शकत तुले, बेटा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. रागावली असती, चार गोष्टी ऐकवल्या असत्या, तर बरं झालं असतं. माझी तिच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून मानेकडे पाहत राहिली. वळ साफ गेला होता. त्याच्यासाठीच तर कापलं होतं मी.