निळ्या घरातली बरणी

दुसऱ्याच्या घरात घुसून बरण्या फोडल्या की नाणी मिळतात, अशा खेळाला आमच्या बर्नी गावात थोर कलाकृती म्हणतात. त्याचं नाव ‘मीठबंदर’. तीस वर्षांपूर्वी हा व्हिडिओ गेम इथल्याच एका गॅरेजात तयार झाला, म्हणून दर जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, लॉन बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या क्लबच्या, मागच्या हॉलमध्ये त्याचा उत्सव भरतो. पोटं सुटलेली माणसं पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन येतात आणि कोण भराभर राक्षस मारतो याच्या शर्यती लावतात.

‘मीठबंदर दोन’ही आहे. पण त्याचं नाव काढलं की मंडळी तुरुंगात जाऊन आलेल्या काकाचा विषय निघाल्यासारखी खाली बघतात.

तो दुसरा खेळ ग्लेनिस टॅरंटने एकटीने केला. पहिला तिने आणि नवऱ्याने मिळून केला होता. पुढे नवरा सिडनीला निघून गेला आणि जाताना सगळं श्रेय सोबत घेऊन गेला. ग्लेनिस माझी शेजारीण. उत्सवात तिला केक कापायला बोलावतात. हातात सुरी देतात, माइक देत नाहीत.

यंदा तिने गाडीच्या डिकीत दुसरा खेळ असलेला आपला जुना संगणक ठेवला.

“शर्ली, आज एकाने तरी दुसरा भाग धड खेळला, तर हा क्लबला देऊन टाकीन,” ती म्हणाली. “नाहीतर सोमवारी भंगाराची गाडी येतेय. फुटपाथवर ठेवीन.”

“अगं, पण दुसरी प्रत असेल ना?”

“सगळ्या डिस्कना बुरशी लागली. चालणारा एवढाच उरलाय.”

जुन्या फ्रिजबद्दल बोलावं तसं बोलली. मला मात्र भीती वाटली, कारण ही बाई बोलते ते करते.

क्लबचा अध्यक्ष आणि उत्सवाचा म्होरक्या डेस्मंड प्रुएट. ‘बंद दारांचा बिघडलेला खेळ’ असं त्याने त्या काळी एका मासिकात दुसऱ्या भागाबद्दल लिहिलं होतं. बाकीच्यांनी खेळण्याचे कष्ट वाचवले आणि मत तेवढं उचललं. त्या दिवशी त्याच्या टी-शर्टवर बरणीचं चित्र होतं. ही बरणी म्हणजे आमच्याकडचं मोठं गूढ. पहिल्या भागात प्रत्येक बरणीतून नाणी निघतात, फक्त निळ्या घरातल्या एकीतून काहीच निघत नाही. मग नायक चिडून त्या खापरांवर पाय आपटतो, थप्प! पडद्यावर ते घडलं की अख्खा हॉल एकदम पाय आपटतो आणि आरोळी ठोकतो. शेवटच्या शर्यतीचा शेवटही तिथेच होतो. ती बरणी रिकामी का, यावर डेस्मंड दरवर्षी भाषण ठोकतो. यंदा त्याने तिचा संबंध विश्वाच्या पोकळीशी जोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाषण संपताच ग्लेनिसने संगणक आणून मोठ्या पडद्याला जोडला. “डेस्मंड, ये. जेवणाआधी थोडं खेळून दाखव.”

“ग्लेनिस, तुझ्या शब्दाखातर हं,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “मंडळी, झोप आली तर झोपा.”

पडद्यावर तेच बंदर उघडलं, पण दहा वर्षांनंतरचं. तोच नायक, थोडा जाड झालेला. हातात तलवार नाही, फोडायला काही नाही. हॉलमध्ये हशा पिकला. डेस्मंडने नायकाला निळ्या घरासमोर नेलं. दारात एक म्हातारी आली आणि बोलू लागली. डेस्मंडने धडाधड बटण दाबलं. म्हातारी गप्प झाली, आत गेली, दार बंद.

“बघा!” तो मागे वळून म्हणाला. “इतकी वर्षं मी काय सांगतोय? बिघडलाय!”

“बिघडलेला नाही,” ग्लेनिस म्हणाली. “ती बोलत होती. तिचं बोलणं तू पुरं होऊ दिलं नाहीस.”

आमच्या मंडळींची बोटंच तशी घडलेली. शर्यतीत वेळ वाचवायचा, म्हणून पडद्यावर कुणी तोंड उघडलं की बटण बडवायचं. डेस्मंडने पुन्हा दार वाजवलं, आणि म्हातारीने ‘आ’ करायच्या आत त्याचा अंगठा चालला. दार बंद. पुन्हा तेच.

“मी दाबत नाहीये!” तो ओरडला. “आपोआप दाबलं जातंय!”

“हातांवर बस,” ग्लेनिस म्हणाली.

“काय?”

“दार वाजव, आणि हात मांड्यांखाली घालून बस. शाळेत बसला असशील की.”

लोक खो खो हसले. डेस्मंडही हसत हसत हातांवर बसला. म्हातारीची अक्षरं एकेक करून उमटू लागली. ग्लेनिसने ती मुद्दाम संथ ठेवली होती.

‘आलास? मागे आलास तेव्हा मी मागच्या खोलीत होते. घाबरून बाहेर आले नाही. मुरंबा विकून साठवलेली नाणी नेलीस, असू दे.’

मागून कुणीतरी म्हणालं, “संपव गं बाई, सॉसेज करपतायत.”

‘कोपऱ्यातल्या बरणीत माझ्या नवऱ्याची राख होती. वारा पडला की समुद्रात सोडणार होते. तू ती फोडलीस. काही मिळालं नाही, म्हणून त्याच्यावर पाय आपटलास.’

म्हातारी दारातून बाजूला झाली आणि दार उघडंच राहिलं. डेस्मंडचे हात मांड्यांखालीच होते. मग त्याने ते काढले, खुर्चीवरचं जाकीट घेतलं आणि भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत चेन ओढून टी-शर्टवरची बरणी झाकली. मी त्या माणसाला इतकी वर्षं मनातून शिव्या घालत आले, पण त्या क्षणी मला त्याची कीव आली.

जेवणानंतर ठरल्याप्रमाणे शेवटची शर्यत झाली. जिंकणारा पोरगा पहिल्या भागातल्या निळ्या घरात शिरला आणि सवयीने बरणी फोडली. पडद्यावर नायकाने पाय आपटला, थप्प. तेवढाच आवाज आला. शंभरेक माणसांचे बूट जमिनीला चिकटलेले होते.

ग्लेनिसने गाडीची चावी पर्समध्ये टाकली. संगणकाची वायर काढली नाही; तो क्लबातच राहू दिला.

डेस्मंड तिच्याजवळ आला. “ग्लेनिस,” तो हळूच म्हणाला, “त्या दारातून आत गेलं की पुढे काय असतं?”

“घर,” ती म्हणाली. “आधी केर काढायचा.”