चौथी बाटली

जंतूंवर जांभळा रंग चढवलेली काचपट्टी तिरपी धरून तिच्यावर अल्कोहोल सोडलं, की खालच्या कडेला एक थेंब जमतो. पहिला थेंब गडद, पुढचा त्याहून फिका. ज्या थेंबात काहीच उरलेलं नसतं, तिथे हात थांबवायचा आणि पट्टी पाण्याखाली धरायची. लवकर थांबलं तर सगळेच जंतू जांभळे राहतात. उशीर झाला तर सगळ्यांचाच रंग धुऊन जातो.

प्रयोगशाळा-तंत्रज्ञांच्या वर्गात हे तिला सगळ्यांत चांगलं जमायचं. गडद आणि फिकं यांतला फरक तिला नेमका कळे. मॅडम तिची पट्टी सगळ्यांना दाखवत. "हात बघा हिचा! नाहीतर तुम्ही. धुणं बडवल्यासारखं काम."

अडचण चौथ्या बाटलीनंतर सुरू व्हायची. तिच्यात गुलाबी रंग होता. ज्या जंतूंनी जांभळा रंग सोडून दिला ते हा गुलाबी घेत. ज्यांनी धरून ठेवला ते जांभळेच राहत. कोणतं औषध सुरू करायचं याची पहिली दिशा डॉक्टरांना त्यावरून मिळे. सूक्ष्मदर्शकात तिला जंतूंचा आकार दिसे, त्यांच्या जोड्या, साखळ्या, घोस दिसत. रंग मात्र एकच दिसे, धुळकट निळा, कुठे जरा दाट तर कुठे विरळ.

हे फक्त शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला माहीत होतं. अंगाने बारीक आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीच्या पट्ट्या ही रंगवून द्यायची, हिच्या पट्ट्या चिमणी वाचून द्यायची.

"आंधळ्या-पांगळ्याची जोडी आपली," चिमणी म्हणे.

"आणि परीक्षेत?"

"खोकेन मी. खोकले की गुलाबी."

"तुला खोकलाच झाला तर?"

"तर मग त्या दिवशी सगळं गावच गुलाबी!"

रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात चिमणी तापाने घरी होती. एका लहान मुलाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला आलं. तिने पट्टी रंगवली, नेहमीसारखी सुंदर. गोल जंतू, जोडीजोडीने. ती खूप वेळ बघत राहिली. दाट वाटत होते. जांभळे, असं तिने लिहिलं.

सही करण्याआधी मॅडमनी स्वतः डोळा लावला. "अगं, गुलाबी आहेत की हे! इतकी कसली घाई?" त्यांनी शब्द खोडला, तिच्या पाठीवर थोपटलं आणि फोन उचलून वॉर्डला कळवलं.

"चुकलं, मॅडम," ती म्हणाली. घाई तिने केलीच नव्हती.

पदविकेची अंतिम परीक्षा तोंडावर आली होती. सोडून द्यावं हा विचार तिच्या मनात कधीचा होता. पण कारण सांगायचं म्हणजे आणखी एकाचं गुपित उघडं करायचं होतं. आनुवंशिकता शिकताना तिला कळलं होतं, की मुलीत हा दोष असेल तर तो तिच्या वडिलांतही असतोच.

वडील शिंपी होते. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. आई सारखी त्यांच्या शेजारी बसलेली असे आणि कापड बदललं, की त्यांनी मागायच्या आत नवं रीळ पुढे करी. गिऱ्हाइकांना त्या जोडप्याचं कौतुक वाटे.

त्या संध्याकाळी तिने दोन रिळं उचलली. "बाबा, यांतलं हिरवं कोणतं?"

"आईला विचार."

"तुम्हाला विचारतेय."

मशीन थांबलं. "अगं, कामात आहेत ना ते," आई म्हणाली.

"मलाही दिसत नाही, बाबा."

ते कापडावरून हात फिरवत राहिले. "माझ्याकडून आलं म्हणजे."

"एकट्या तुमच्याकडून नाही. आईकडूनही यावं लागतं."

"घ्या! मला वाटलं, माझं नाक तेवढं घेतलंय हिने," आई म्हणाली.

"चष्मा मिळत असेल ना काही?" वडिलांनी विचारलं.

"त्याने खरा रंग दिसत नाही, बाबा."

"आणि अभ्यास वाढवलास तर?"

"अभ्यासाने होण्यासारखं असतं, तर कधीच केलं असतं. रंग चिमणी सांगते, म्हणून निभावलं आजवर."

"मी काढला की जन्म असाच. तुझी आई आहे, तशी तुला ती चिमणी आहे. एकाच ठिकाणी नोकरी धरा दोघी. कोणाला कळतंय?"

"एकदा हिरवी पँट तपकिरी दोऱ्याने शिवली होती ह्यांनी," आई मध्येच म्हणाली. "मी माहेरी गेले होते तेव्हा. सगळी उसवली, पुन्हा शिवली."

"उसवता आली, आई."

वडील म्हणाले, "सोड मग. दुकानात मात्र बसू नकोस."

"दोघांना दोरे द्यायला मला सवड नाही, आधीच सांगून ठेवते," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. वडिलांनी मशीन सुरू केलं. शिवून झालेल्या शिवणीवरूनच ते पुन्हा टीप मारत होते. ती बघत राहिली, तिनेही त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मॅडम परीक्षेचे क्रमांक वाटत होत्या. जंतूंचा विभाग टाळून दुसरीकडे जावं, हेही तिने मनात फिरवून पाहिलं होतं. पण रक्ताच्या पेशी रंगवूनच बघायच्या, लघवीची पट्टी रंगावरूनच वाचायची. जिकडे जावं तिकडे रंगच.

"ये गं," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यासाठी वर बोलून ठेवलंय मी. निकाल लागला की इथेच रुजू व्हायचं, दुसरीकडे बघायचंही नाही."

चिमणी तापातून उठून आली होती. ती मागून हिची ओढणी ओढत कुजबुजली, "हो म्हण, वेडे."

मॅडमनी पुढे केलेला क्रमांकाचा कागद तिने घेतला नाही.

"मॅडम, मला गुलाबी दिसत नाही," ती म्हणाली. "कधीच दिसलेला नाही. मी परीक्षेला बसणार नाही."