अर्धी कॉर्ड

बँडमध्ये सगळे त्याला साडेसाती म्हणत. जगाला चार मात्रा पुरतात, याला सात लागत. एकदा तर त्याने साडेसात मात्रांचं गाणं आणलं, तेव्हा ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवून हात जोडले आणि हे नाव चिकटलं. पुढे तोंडाला सोपं म्हणून नुसतं साडे राहिलं. ते प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवत. म्हणजे एकवीस मिनिटांचं एक गाणं, त्यात पाच वेळा लय बदलायची, आणि लोकांनी टाळी धरली रे धरली की ती चुकवायची. लोकही मग पुढच्या कार्यक्रमाला यायचं चुकवत.

आता साडे साठीला टेकला होता आणि कानाच्या डॉक्टरांकडे लोकांची श्रवण चाचणी घ्यायची नोकरी करत होता. आवाजबंद केबिनमध्ये माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. काचेच्या अलीकडून साडे एकेक सूर सोडणार, ऐकू आला की पलीकडच्याने बटण दाबायचं. काही लोक ऐकू न येताच बटण दाबतात. नापास व्हायला कुणालाच आवडत नाही. साडेला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, पण तो बोलायचा नाही, गुपचूप तोच सूर पुन्हा सोडायचा.

घरी दोन खोल्या, एक गिटार आणि तो. लग्न झालं होतं, सात वर्षं टिकलं. इथेही सातच, असं तो पूर्वी सांगायचा आणि लोक हसायचे. हल्ली सांगायला कुणी नसायचं.

या वर्षी त्याच्या डाव्या हाताची अनामिका आखडायला लागली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वर्षभर चालेल, पुढचं सांगता येत नाही. आयुष्यात त्याने एकच गोष्ट धड केली होती, ती एकवीस मिनिटं. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. त्यांनी काढलेल्या तीनशे कॅसेटपैकी त्याच्याकडे एक उरली होती, तिला बुरशी धरली होती आणि टेपरेकॉर्डरने ती शेवयांसारखी बाहेर ओढली होती. बोट आहे तोवर एकदा सगळं वाजवून रेकॉर्ड करायचं, एवढं त्याने ठरवलं.

बोटांना सगळं आठवत होतं. सुरुवातीची सात मात्रांची चाल, मधलं संथ वळण, सगळं. पण शेवटी जिथे गाणं दार उघडल्यासारखं मोकळं व्हायचं, तिथली कॉर्ड, एकदम छेडायचा तो सुरांचा झुबका, काही केल्या लागेना. बोटं बरोबर जागी पडत आणि निघायची साधी ए मेजर. गिटार शिकायला येणारं पोर पहिल्या आठवड्यात वाजवतं ती. त्याला आठवत होती ती कॉर्ड अशी नव्हती. ती अधांतरी होती, तिच्यात एक ओढ होती, ती ऐकून त्या काळी त्याच्याच अंगावर काटा यायचा.

त्याने तारा बदलल्या. बोटं दांडीवर एक घर वर, एक घर खाली सरकवून पाहिली. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून आणला. मग त्याला वाटलं, कानच गेले. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्याला आपल्या कानाची धास्ती. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः केबिनमध्ये जाऊन बसला आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाला, "जरा सूर सोडा हो माझ्यासाठी."

बाईंनी सोडले. आलेख बघून म्हणाल्या, "तुमचे कान पंचेचाळिशीच्या माणसाचे आहेत. देवाने भलत्याच ठिकाणी तारुण्य दिलंय."

तो हसला, पण मनातून खट्टू झाला. कान शाबूत होते, म्हणजे कॉर्डच कधी नव्हती. बँड संपल्यापासून सव्वीस वर्षं आपण उगाच स्वतःच्या पाठीवर थाप मारत बसलो, असं त्याला वाटलं आणि त्या संध्याकाळी त्याने गिटारला हात लावला नाही.

रविवारी दुपारी सवयीने तो पुन्हा बसला. मागे स्वयंपाकघरातला जुना फ्रिज धक्का देऊन सुरू झाला आणि त्याच वेळी त्याचा हात तारांवरून फिरला. तीच कॉर्ड. तीच, अधांतरी, ओढीची. त्याने दचकून पुन्हा वाजवली, ती अजून होती. तो वाजवतच राहिला. थोड्या वेळाने फ्रिज घुमायचा थांबला आणि हातात राहिली साधी ए मेजर.

साडेचा धंदाच सुरांचा. फ्रिज कोणत्या सुरात घुमतो हे शोधायला त्याला दोन मिनिटं लागली. जी, किंचित चढा. ए मेजरच्या खाली जी ठेवला की कॉर्ड मोकळी होत होती. आणि तो जी गिटारने कधी वाजवलाच नव्हता. तो बासवर, खालच्या सुरांच्या चार तारांच्या गिटारवर होता, आणि बँडमध्ये बास वाजवायचा खर्ज्या.

गिटार मांडीवर तशीच राहिली. त्याला कॅसेटचं कव्हर आठवलं. 'रचना आणि कॉर्ड्स' याच्यापुढे एकट्या साडेचं नाव होतं. खर्ज्या म्हणाला होता, "अर्ध्या माझ्या आहेत." आणि साडे सगळ्यांसमोर हसला होता. "तू एका वेळी एक तार वाजवतोस. एका तारेची कॉर्ड कधी होते का रे?" खर्ज्याने बास पेटीत ठेवली, पेटीच्या कड्या लावल्या आणि तो निघून गेला. बँड तिथेच संपला. सव्वीस वर्षांत दोघांनीही फोन केला नाही.

नंबर शोधायला आठवडा गेला. उचलला खर्ज्याच्या बायकोने.

"वहिनी, मी साडे बोलतोय."

"आता सुचलं होय भावजी?"

"खर्ज्याला देता जरा?"

"देऊन काय करू? त्यांना ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली, अजिबात नाही. वीस वर्षं पंपहाऊसमध्ये नोकरी केली. कानात बोळे घाला म्हणून पंपावर सांगायचे, मी सांगायचे, यांनी कुणाचं ऐकलंय कधी? बोलायचं असेल तर घरी या."

साडेने फोन ठेवला. रोज चार-पाच पंपवाले, गिरणीवाले त्याच्या काचेपलीकडे बसून जात. त्यांच्या आलेखाची उतरती रेघ तो डोळे मिटून काढू शकला असता. त्यातला कुणी खर्ज्या असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो गिटार घेऊन गेला. खर्ज्याचे केस गेले होते, पोट आलं होतं. त्याने साडेकडे पाहिलं, मग गिटारच्या पेटीकडे, आणि आतून बास घेऊन आला. वहिनींनी टेबलावर वही आणि पेन्सिल ठेवली. या घरात तसंच बोलत.

"तोंड बघून थोडं कळतं," खर्ज्या म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो जरा ओरडूनच बोलत होता. "पण तू पहिल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलणारा. लिही."

साडेने पेन्सिल घेतली. येताना सगळ्या वाटेने त्याने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. त्याने लिहिलं, "शेवटची कॉर्ड अर्धी तुझी होती. मी चुकलो."

खर्ज्याने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही पालथी घालून म्हणाला, "वाजव."

साडेने ए मेजर धरली. खर्ज्याने त्याची बोटं पाहिली आणि खालचा जी दिला. फार वाईट लागला. पाच वर्षं त्या तारांना कुणी सुरात लावलं नव्हतं, आणि लावणार कोण? साडेने हात पुढे केला, मग मागे घेतला. दुसऱ्याच्या वाद्याच्या खुंटीला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. खर्ज्याला ते दिसलं. त्याने बास त्याच्याकडे तिरकी केली आणि मान दुसरीकडे वळवली. साडेने चारही तारा लावल्या. तेवढा वेळ खर्ज्या खिडकीबाहेर बघत होता.

मग दोघांनी मिळून वाजवली आणि कॉर्ड आली. फ्रिजचा सूर चढा होता, हा नेमका होता. साडेचे डोळे भरून आले.

"आली?" खर्ज्याने विचारलं.

साडेने मान हलवली.

"बरं झालं. मला नुसता पोटाला हादरा कळतो."

वाजवणाऱ्या दोघांत ती कॉर्ड एकट्या आपल्यालाच ऐकू येते आहे, हे साडेच्या तेव्हा ध्यानात आलं. आतापर्यंत त्याला एकटं वाटायचं ते घरात कुणी नाही म्हणून. इथे समोर खर्ज्या होता, दारात वहिनी होत्या, आणि एकटेपण तरीही दुप्पट झालं होतं.

"पहिल्यापासून घेऊ," खर्ज्या म्हणाला आणि पायाने सात मात्रा धरल्या.

त्यांनी ती एकवीस मिनिटं सुरू केली. खर्ज्या आधी साडेच्या बोटांकडे बघून वाजवत होता, पण मधलं संथ वळण आलं तसे त्याने डोळे मिटले. त्याच सुमारास साडेची अनामिका आखडली. तार सुटली, पुढची कॉर्ड हुकली आणि तो थांबला.

खर्ज्याला ते कळलं नाही. तो वाजवत राहिला. डोळे मिटलेले, पाय सातात, बोटं एका वेळी एका तारेवर. साडे त्याच्या खांद्याला हात लावणार होता. लावला नाही. इतकी वर्षं बँडमध्ये तो खर्ज्याच्या शेजारी उभा राहिला होता आणि आपल्याच गिटारच्या आवाजात त्याने खर्ज्याला एकट्याला कधी ऐकलंच नव्हतं. खाली एक संपूर्ण गाणं चाललं होतं, साडेच्या कॉर्ड्स नसतानाही उभं. ते वाजवणारा सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं.

खर्ज्याला थांबवायला वहिनी पुढे आल्या तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकत बसला.