गाडी द्यायची, इंजिन ठेवायचं

बायको जाण्याआधी म्हणाली, गाडी धाकटीला द्या. धाकटी म्हणजे तिची बहीण, माझी मेव्हणी. मी हो म्हटलं. अशा वेळी कोण नाही म्हणतं? पण धाकटी आणि साडू रविवारी गाडी न्यायला येणार असा निरोप आला आणि मला तो हो परत घ्यावासा वाटला.

मला गाडी चालवता येत नाही. मी शिंपी. गाडी तिची होती. रोज सकाळी ती गाडी सुरू करायची आणि कुठेही न जाता चहाचा कप घेऊन आत बसायची. इंजिन गरम झालं पाहिजे, म्हणायची. मी घरात इस्त्री तापवत असायचो, आणि तो घरघर आवाज भिंतीतून यायचा. ती गेल्यापासून मीच किल्ली फिरवतो आणि आत येऊन इस्त्री लावतो. आवाज चालू असेपर्यंत ती बाहेर बसलेली असते. बंद करायला जातो तेव्हा नसते.

पुष्कळ विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की ती फक्त गाडी म्हणाली होती. इंजिनाचं नाव तिने काढलंच नव्हतं. म्हणजे गाडी धाकटीला देऊन शब्द पाळता येत होता आणि इंजिन घरात ठेवता येत होतं.

मदतीला शेजारचे घड्याळजी आले. जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, नखाएवढ्या चाकापेक्षा मोठं काही हातात धरलेलं नाही. येताना डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले. बॉनेट उघडल्यावर ते भिंग लावून बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, मळ फार आहे.

मला इंजिनातलं काही कळत नाही, पण जे शिवलंय ते उसवता येतं, एवढं मी धरून चालतो. आधी बॅटरीच्या तारा सोडल्या. पाणी बादलीत काढलं, ऑइल कपडे धुवायच्या टबात. मग प्रत्येक वायर आणि प्रत्येक नळी सोडताना दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधला. रंग संपले तेव्हा दोन रंगांचे पीळ घातले. नट-बोल्ट कापडाच्या लहान पुरचुंड्यांत घातले, तोंडं टाके घालून बंद केली आणि वर खडूने लिहिलं की हे कुठले. रेडिएटर आणि पुढची पट्टी काढून भिंतीला टेकवली. सायलेन्सरचा एक नट गंजला होता. घड्याळजींनी सुईच्या टोकाने त्यावर घड्याळाचं तेल थेंब थेंब सोडलं, जणू कुणाच्या डोळ्यात औषध घालतायत. नंतर पान्याला पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो. नट सुटला आणि घड्याळजी माझ्या अंगावर पडले. माझ्या अंगावर कुणी पडून बरेच दिवस झाले होते. मी लगेच उठलो नाही.

इंजिन वर उचलायचं कसं, हा प्रश्न राहिला. व्हरांड्यावर लोखंडी तुळई होती, दोरही जाड होता, ताकद मात्र दोघांत मिळून एका माणसाचीही नव्हती. घड्याळजी म्हणाले, इंजिन वर जात नसेल तर गाडीला खाली जाऊ दे. ते मला पटलं. जॅक लावून गाडी पुढून उंच केली, इंजिन तुळईला आवळून बांधलं, शेवटचे बोल्ट काढले. मग जॅक हळूहळू उतरवला आणि पुढच्या चाकांतली हवाही सोडली. गाडी खाली खाली गेली. तिला मागे ढकललं तेव्हा इंजिन जागच्या जागी राहिलं, हँगरला अडकवलेल्या कोटासारखं.

ते आत न्यायला चाकं असलेली एकच वस्तू घरात होती, तिची खुर्ची. शेवटी शेवटी मी तिला हिच्यावर बसवून खिडकीपाशी नेत असे. सीट खराब होऊ नये म्हणून चादर घातली, दोर सैल करत इंजिन त्यावर उतरवलं, पट्टा बांधला आणि खिडकीपाशी नेऊन उभं केलं.

गाडीच्या चाकांत हवा भरली, पुढची पट्टी बसवली, बॉनेट लावून ती पुसली. नाक जरा वर उचललेलं दिसत होतं, बाकी काही नाही.

रविवारी घड्याळजीही येऊन उभे होते. साडू गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. काहीच नाही. बॅटरी उतरली असेल, म्हणाले. उतरून बॉनेट उघडलं तर आत फरशी दिसली. मग वाकून गाडीखाली पाहिलं, इंजिन गळून पडलं असावं तसं. धाकटीने गाडीकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली आणि सरळ आत गेली.

खिडकीपाशी तिने इंजिनाला बांधलेल्या पट्ट्यावरून हात फिरवला.

"भाऊजी, जन्मभर गिऱ्हाइकाचं कापड मारलं नाहीत," ती म्हणाली, "आणि म्हातारपणी मेव्हणीचं मारलंत."

मी म्हटलं, चार दारं आहेत, चाकं आहेत, आरसेही आहेत. गाडी पूर्ण आहे. साडू म्हणाले, मग ती चालेल कशी? मी म्हटलं, चालण्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. धाकटीने त्यांना हाताने गप्प केलं आणि मला विचारलं, हे कशाला हवंय? मी आवाजाचं सांगितलं. सकाळचं, इस्त्रीचं, सगळं.

तिने दुसरी खुर्ची ओढली आणि बसली. इंजिनासमोरच.

"मग लावा. मलाही ऐकू दे."

मी इंजिनाकडे पाहिलं. घड्याळजींनी इंजिनाकडे पाहिलं. खरं सांगतो, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. घड्याळ भिंतीवर टांगलं तरी टिकटिक करतं आणि शिवणयंत्र कुठेही ठेवा, चालतं, म्हणून इंजिनही घरात आपलं आपण घरघरत राहील असं मी कुठेतरी धरून चाललो होतो. घड्याळजी खाली बघत म्हणाले, मला वाटलं तुम्हाला नुसतं बघायला हवंय.

कुणीच हसलं नाही. मग धाकटी म्हणाली, "ताईने गाडी मला का दिली माहितीये? मला काय करायचीय, मलाही चालवता येत नाही. ती म्हणाली, तू घेऊन जा, नाहीतर हे रोज सकाळी ती सुरू करून आत माझी वाट बघत बसतील."

मी चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि चहा न ठेवताच परत आलो. धाकटी तोवर पदर खोचून पुरचुंड्या लावत बसली होती.

जोडणं उसवण्याहून अवघड गेलं. त्यासाठी धाकटी आणि साडू मुक्कामाला राहिले. चौघांनी दोर ओढून इंजिन पुन्हा तुळईला टांगलं, गाडी खाली घेऊन त्याच्याखाली ढकलली आणि जॅकने वर उचलली. लाल दोऱ्याला लाल, हिरव्याला हिरवा. साडू गाडीखाली झोपून शिव्या घालत होते आणि धाकटी वरून दिवा धरून त्यांना भाषा सांभाळायला सांगत होती. शेवटी एक पुरचुंडी उरली. खडू पुसला गेला होता. ती कुठली हे कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून साडूंनी खिशात टाकली आणि ऑइल, पाणी परत भरलं.

किल्ली फिरवली. गाडी आधी खोकली, मग लागली. तोच आवाज.

साडू म्हणाले, चला, निघू या. धाकटी म्हणाली, राहू दे जरा चालू. घड्याळजी पायरीवर बसले, मी त्यांच्या शेजारी. साडूही मग गाडीतून उतरले. बंद कर असं कुणी म्हणेना, आणि मी तर म्हणणार नव्हतोच. चहा झाला. उन्हं आली. पेट्रोल संपलं तेव्हा गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, सुटलो बुवा.

पेट्रोल पंप गल्लीच्या उताराच्या तळाशी होता. साडू स्टिअरिंगवर बसले, मी आणि धाकटीने मागून ढकललं. तिचा जोर माझ्याहून जास्त होता. घड्याळजी पुढे चालत लोकांना बाजूला करत होते. उतार लागला तशी गाडी आपली आपण जायला लागली. तरी मी हात टेकवून मागे मागे पळत होतो. धाकटी धापा टाकत थांबली आणि म्हणाली, "सोडा आता, भाऊजी. पडाल."

मी सोडलं.